लेकराचे टप्पे जपायचे कसे? बारशापासून सातवीपर्यंत

लेकरू पाण्याला 'पापा' म्हणतं ते जेमतेम दोन-तीन महिने. मग एक दिवस ते नीट 'पाणी' म्हणतं आणि 'पापा' घरातून कधी गेलं ते कोणाच्याच ध्यानात राहत नाही. पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, या सुरुवाती सगळ्या घराला दिसतात. शेवट मात्र गुपचूप होतात. लेकरू मांडीवर शेवटचं कधी झोपलं, हे कुठल्याच मायबापाला सांगता येत नाही. म्हणून टप्पा चालू असतानाच तो बघायचा आणि थोडा टिपून ठेवायचा. आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, खर्चही फार नाही. आधी तीन वस्तू तयार ठेवा.

वही

शिवलेल्या बांधणीची दोनशे पानी वही घ्या. स्प्रिंगच्या वहीची पानं दोन-चार वर्षांत सुटतात. साधं बॉलपेन वापरा. जेल पेनाची शाई ओल्या हाताने पसरते. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: तारीख, लेकराचं वय वर्षं-महिन्यांत, आणि घडलं ते एका-दोन ओळींत. 'आज खूप गोड वागली' ही नोंद दहा वर्षांनी काहीच सांगत नाही. 'कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान झाकून आजीच्या पदरात शिरते' ही नोंद सगळं सांगते. भावना लिहू नका, कृती आणि शब्द लिहा. भावना वाचताना आपोआप येते.

रोज लिहिण्याचा नेम करणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात थांबतात. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवा, त्या दिवशीच्या चौकोनात एकच शब्द खरडा आणि आठवड्याच्या सुट्टीला तो वहीत उतरवा. आजीला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, दुसऱ्यानं लिहावं. दिवसभर लेकरू जिच्याजवळ असतं तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं.

उंचीची पट्टी

भिंतीवर रेघा मारू नका. दिवाळीच्या किंवा लग्नाच्या रंगकामात त्या जातात, भाड्याचं घर सोडलं की मागे राहतात. सुताराकडून सहा फूट लांब, चार इंच रुंद, रंधा मारलेली लाकडी पट्टी करून घ्या आणि दोन स्क्रूंनी भिंतीला बसवा. खालचं टोक फरशीला टेकलेलं हवं. पट्टी वर बसली तर रेघेचा आकडा तितकाच कमी येतो.

मोजायची रीत अशी. लेकरू अनवाणी, वेणी किंवा बुचडा सोडलेला. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ पट्टीला लागलेली, नजर समोर. हनुवटी वर केली की माप चुकतं. डोक्यावर पुस्तक न ठेवता चपलांचं रिकामं खोकं ठेवा: खोक्याची एक बाजू पट्टीला चिकटली की दुसरी डोक्यावर आपोआप काटकोनात बसते. पुस्तक कलतं आणि एक-दोन सेंटिमीटरचा फरक पाडतं. खोक्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने रेघ, शेजारी तारीख. शक्यतो सकाळी मोजा, कारण दिवसभराच्या उभं राहण्या-खेळण्याने उंची संध्याकाळी थोडी कमी भरते.

दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून मोजतात. झोपून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण पाऊण सेंटिमीटरने जास्त भरतं. त्यामुळे पहिल्यांदा उभं करून मोजलं की लेकरू खुजं झाल्यासारखं वाटतं, घाबरू नका. पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा मोजा. दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही: या वयात महिन्याची वाढ अर्धा सेंटिमीटर, आणि आपल्या हाताची चूकही तेवढीच. अंदाजासाठी आकडे असे: जन्मतः ५० सेंमी, वर्षाचं झाल्यावर ७५, चार वर्षांच्या सुमारास १००, पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. चार वर्षांनंतर वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

पेटी

झाकण घट्ट बसणारा एक डबा. पत्र्याच्या घरात तो वरच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात तिथला ताप सगळ्यात जास्त. आत एक झबलं, एक टोपडं, कुंची, हातातली बिंदली, एवढंच. सगळे कपडे ठेवले की एकही उघडून बघितला जात नाही. कपडे धुऊन, खळ न लावता, कडक वाळवून जुन्या सुती धोतरात गुंडाळा. खळीला कसर लागते. कडुलिंबाचा पाला पूर्ण सुकवून पुरचुंडीत ठेवा, ओला पाला डाग पाडतो. डांबरगोळ्या नकोत: हेच कपडे पुढच्या बाळाला घातले जातात आणि काही बाळांमध्ये त्या वासानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

सोनोग्राफीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो. तो काही वर्षांत फिका पडतो, आणि गरम लॅमिनेशन केलं तर लगेच काळा होतो. आणला त्याच दिवशी फोटो काढा, कागदावर काढलेली प्रत पेटीत ठेवा.

पहिले सहा महिने

झोपेत बाळ हसलं की आज्या म्हणतात, सटवाई हसवते. माणसाकडे बघून येणारं हसू वेगळं. ते साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतं. तुमच्या चेहऱ्याकडे टक लावून, मग तोंड उघडून. त्याची तारीख वहीत हवीच.

दर महिन्याच्या एकाच तारखेला बाळाला त्याच एका वाकळीवर झोपवा आणि वरून फोटो काढा. वाकळीची ठिगळं मापाचं काम करतात: पहिल्या महिन्यात दोन ठिगळांत मावणारं बाळ बाराव्या महिन्यात तीनेक ठिगळं अडवतं. वाकळ दरवेळी तीच आणि दिशाही तीच ठेवा.

बारशाला आजी पाळणा म्हणते तो रेकॉर्ड करा, पण गर्दीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पंखा आणि कूलर बंद करून, फोन आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून. पंख्याचा आवाज आपल्या कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र तोच भरून राहतो.

या वयात परंपरेचं ओझंही बाळावर पडतं, तेवढं आवरा. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, परभणी-नांदेडच्या ४३ अंशांच्या उन्हातही वरचं पाणी नाही. बाळ मागेल तितक्या वेळा पाजलं की पुरतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. काजळात शिसं असू शकतं, ते डोळ्यात घालू नका. दृष्टीची तीट तळपायाला लावली तरी चालते.

सहा महिने ते दीड वर्ष

पायाचा ठसा घ्यायचा तर आता. पहिले तीन-चार महिने हाताची मूठ बहुतेक मिटलेली असते म्हणून तेव्हा हाताचा ठसा बिघडतो. कुंकवाचा डाग कातडीवर राहतो, हळद उजेडात उडते. गेरू घ्या, ती माती आहे, तिचा रंग जात नाही. दोन चमचे गेरू, चमचाभर पाणी, साईइतकं घट्ट. बाळ गाढ झोपेत असताना कापसाच्या बोळ्याने पातळ थर तळपायाला लावा. जाड ड्रॉइंग पेपर पुठ्ठ्यावर ठेवून तो पायाला लावा, टाचेकडून बोटांकडे दाबत न्या. थर जाड झाला की बोटं एकमेकांत मिसळतात, म्हणून चार-पाच कागद तयार ठेवा. लगेच पाय धुवा.

चालण्याची घाई करू नका. नवव्या महिन्यात चालणारं लेकरू आणि सोळाव्यात चालणारं लेकरू, दोन्ही ठीक. काही मुलं रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि उभी राहतात. अठरा महिने झाले तरी आधाराशिवाय चालत नसेल तर मात्र दाखवा. बसवून ढकलायचा चाकांचा वॉकर घेऊ नका: त्याने चालणं लवकर येत नाही आणि उंबऱ्यावरून, पायरीवरून लेकरू डोक्यावर आपटतं. उभं राहू लागल्यावर ढकलायचा लाकडी पांगुळगाडा चांगला.

बोरन्हाणाची हौस करा, पण बोरं, शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, उसाचे करवे हे सगळं चार वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनलिकेत अडकण्याजोगं आहे. तान्ह्याच्या डोक्यावर चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या टाका. बोरं मोठ्या पोरांना हातात वाटा. लूट झाल्यावर सतरंजी झटकून खालून एकदा हात फिरवा, एखादा शेंगदाणा दुसऱ्या दिवशी रांगणाऱ्याच्या तोंडात जातो.

दीड ते तीन: बोबडे बोल

सगळ्यात लवकर विरणारा आणि सगळ्यात कमी जपला जाणारा टप्पा हाच. वहीची चार पानं वेगळी राखा, तीन रकाने करा: लेकराचा शब्द, त्याचा अर्थ, तारीख. 'काका'चं 'ताता', 'टोपी'चं 'तोपी', 'राजा'चं 'लाजा'. शब्द सुटला की त्याच ओळीत दुसरी तारीख घाला. महिन्यातून एकदा मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड करा, आणि 'बोल बेटा, म्हणून दाखव' असं म्हणू नका. तसं म्हटलं की लेकरू एक तर गप्प बसतं किंवा नाटकी बोलतं. फोन जवळ ठेवून द्या आणि सोबत भाकरीचा गोळा थापत बसा.

अडीच-तीनच्या सुमारास 'गेला'च्या जागी 'जाला', 'केलं'च्या जागी 'करलं' ऐकू येतं. ही चूक मोठ्या कामाची आहे: 'हस'चं 'हसला', 'बस'चं 'बसला' यातून लेकराने नियम स्वतः शोधला आहे आणि तो सगळीकडे लावून बघत आहे. 'असं नाही म्हणत' म्हणून टोकू नका. 'हो, बाबा शेतात गेला' एवढं आपण नीट म्हणावं. बोबडं आवडतं म्हणून आपणही तसंच बोलायचं, हेही नको; कानावर नीट शब्द पडायला हवा. 'र' आणि 'ळ' पाच-सहा वर्षांपर्यंत रेंगाळले तर काळजी नाही. पण दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले नाहीत, किंवा चौथ्या वर्षी परक्या माणसाला बोलणं कळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. 'आमच्या घरात सगळे उशिराच बोलले' या वाक्याने अनेक लेकरांची दोन वर्षं वाया जातात.

याच वयात 'मी करणार' सुरू होतं. चप्पल स्वतः घालायची, तीही उलटी. बाहेर निघायच्या दहा मिनिटं आधी तयारी सुरू करा. निम्मी रडारड आपल्या घाईमुळे होते. 'काय घालणार?' न विचारता 'लाल का निळा?' विचारा.

फोटो-आवाज फोनमध्येच राहिले की फोनसोबत जातात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटोचा दर्जा उतरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी नातेवाइकाच्या घरी, आणि दर दिवाळीला उघडून तपासा. वर्षाचे निवडक १२ फोटो छापा, मागे पेन्सिलने हलक्या हाताने तारीख लिहा. बॉलपेनची खूण पुढून उमटते.

तीन ते सहा: मातीचे बैल आणि येळवस

दर पोळ्याला लेकराकडून एक मातीचा बैल करून घ्या आणि ठेवून द्या. तिसऱ्या वर्षीचा बैल म्हणजे चार टेंगळं असलेला गोळा. पाचव्या वर्षी शिंगं येतात, सातव्या-आठव्या वर्षी वशिंड आणि गळ्यात घुंगरमाळ. ओळीने मांडलेले सहा बैल त्या हातांची वाढ जशी दाखवतात तशी कुठलाच फोटो दाखवत नाही.

आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून नुसत्या काळ्या मातीचा बैल तडकतो. तीन वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी बारीक वाळू आणि मूठभर बारीक भुसा मिसळा, रात्रभर भिजवून मळा. पायात काडी घालू नका: माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय तिथेच चिरतो. पाय आखूड आणि जाड ठेवायला सांगा. ओला असतानाच पोटाखाली काडीने सालाचा आकडा कोरा. सावलीत चार-पाच दिवस वाळवा, उन्हात अजिबात नाही. एक गोष्ट पाळाच: बैल 'नीट' करून देऊ नका. मोठ्याच्या बोटाने दुरुस्त झालेला बैल लेकराचा राहत नाही.

लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, घरोघरी शेतात होते. भज्जी, आंबील झाली की लेकराला दरवर्षी त्याच बांधावरच्या त्याच झाडाखाली उभं करून फोटो काढा. खोडावरची एखादी गाठ किंवा फांदीचा जोड ठरवून घ्या, तीच मोजपट्टी. वाढदिवसाच्या केकसमोरचे फोटो सगळ्या वर्षी सारखेच दिसतात. इथे झाड, हरभऱ्याचं पीक आणि लेकरू तिन्ही बोलतात.

सहा ते दहा

सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे दोन दात हलतात. तारीख लिहा, बोळक्या तोंडाने हसतानाचा एक फोटो घ्या. त्याच काळात दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ उगवते आणि ती कोणाला दिसत नाही, कारण तिच्यासाठी आधीचा काही दात पडत नाही. 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून किडू दिली जाते. ती कायमची असते. तोंड उघडून मागे बघा, ब्रश तिथपर्यंत पोचतो का ते पाहा.

दर जूनला शाळा सुरू झाली की लेकराच्या हातानं वहीत स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि आवडत्या दोस्ताचं नाव लिहून घ्या. दोस्त दरवर्षी बदलतो, अक्षरही.

दहाच्या पुढे

आता वही लेकराला विचारून लिहा. ते नको म्हणालं तर लिहू नका, जुनी पानं पाहुण्यांपुढे वाचू नका. समोर बसवून विचारलं तर उत्तर 'काही नाही' असतं. गाडीवर मागे बसलेलं, शेंगा फोडत शेजारी बसलेलं लेकरू आपणहून बोलतं. मुलीला पाळीबद्दल नवव्या-दहाव्या वर्षी आधीच सांगा, कापड किंवा पॅड हातात देऊन, कसं लावायचं ते दाखवून. मुलालाही आवाज फुटतो, अंगात बदल होतात हे घरातल्या माणसाकडून कळू द्या.

पाळी आली म्हणजे पोर 'मोठी झाली' आणि स्थळं बघायची, हा विचार आपल्या भागात अजून आहे. सातवी-आठवीतली पोर लेकरूच असते. मुलीचं लग्न १८च्या आत आणि मुलाचं २१च्या आत हा कायद्याने गुन्हा आहे. असं ठरत असल्याचं कानावर आलं तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीच्या मागे-पुढे टोळी निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. लेकराचं अर्धं वर्ष कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत जातं, आणि तेही त्याचं बालपणच आहे. भिंतीच्या पट्टीऐवजी बाजेच्या नवारीचा सहा फुटी तुकडा घ्या. आधी भिजवून वाळवा, कारण सुती नवार पहिल्या धुण्याला आकसते. पक्क्या मार्करने रेघ-तारीख टाका, गुंडाळून पिशवीत. सुतळी वापरू नका, ती ताणते.

माता बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसी आणि वजनाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, सोबत असू द्या, दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये आणि एक गावी ठेवा. लस गावातच घ्यावी लागते असं नाही, कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रावर कार्ड दाखवून मिळते. नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने या दोन वेळा हंगामात येत असतील तर निघायच्या आधी अंगणवाडी ताईंकडून तारखा लिहून घ्या.

लेकरू आजीजवळ गावी राहणार असेल तर रोज ठरल्या वेळी एक मिनिटाचा आवाज पाठवा. 'जेवलास का, अभ्यास केलास का' यापेक्षा आज काय दिसलं ते सांगा: फडात ससा निघाला, बैलाने ऊस चोरून खाल्ला. लेकराचं उत्तर जपून ठेवा, पुसू नका.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी

लेकरू सात वर्षांचं झालं आणि काहीच ठेवलं नाही, तरी बरंच परत मिळतं. माता बाल संरक्षण कार्डावर महिन्या-महिन्याचं वजन आणि लसींच्या तारखा असतात. जुन्या फोनमधले फोटो तारखेने लावा. दात कधी आला, जावळ कधी काढलं ते त्यात सापडतं. आजी, मावशी, आत्या यांना एकेकट्या विचारा. सगळ्या एकत्र बसल्या की जिचा आवाज मोठा तिचीच आठवण उरते. महिना आठवत नसेल तर 'तुरी काढायच्या वेळी', 'गौरी-गणपतीत' असं विचारा, पिकावरून आणि सणावरून तारीख लागते. खात्री नसलेल्या नोंदीपुढे 'अंदाजे' लिहा. वहीची पहिली वीस पानं यासाठी कोरी सोडून एकविसाव्या पानावर आजची तारीख टाका.